कोपऱ्यातले पाच चौकोन

नव्या कंपनीत रुजू होऊन आठवडा होत आला तरी वैजनाथला काम असं काही मिळालं नव्हतं. ओळखीपाळखी झाल्या, लॅपटॉप कुरियरनं घरी आला, गुप्ततेचे नियम स्क्रीनवर वाचून झाले. मग एका सकाळी, नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बायको कॉलेजात शिकवायला गेल्यावर त्यानं पहिली फाईल उघडली आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचे पाच चौकोन दिसले. एका ओळीत पाच, मधला किंचित वर सरकलेला. चहाच्या कपाकडे निघालेला त्याचा हात तिथंच थांबला. आधी वाटलं, चुकून जुन्या कंपनीचाच लॅपटॉप उघडला. पण तो तर हैदराबादला बॅगेसकट, चार्जरसकट परत करून झाला होता. घेणाऱ्या माणसानं चार्जरची वायरसुद्धा ताणून पाहिली होती. हा लॅपटॉप नवा होता, फाईलवर नव्या कंपनीचं नाव होतं. आणि कोपऱ्यात हे पाचजण बसले होते, त्याचीच वाट बघत असल्यासारखे.

वैजनाथचं काम म्हणजे चिपचा नकाशा काढणं. नखाएवढ्या तुकड्यावर कुठली तार कुठून जाईल, कुठला भाग कुणाच्या शेजारी बसेल, हे तो एकेक चौकोन ओढून ठरवायचा. आईला त्यानं एकदा सांगितलं, मी नकाशे काढतो. आईनं लातूरजवळच्या मुरुड गावभर सांगितलं की पोरगा मोजणी खात्यात लागला, आणि पुढं दोन वर्षं लोक बांधाची भांडणं घेऊन त्याच्याकडे येत राहिले. आता बरीचशी कामं यंत्रच करतं, पण चिपमधला वीज सांभाळणारा भाग अजून माणसालाच काढावा लागतो, आणि माणसानं काढला की त्यात माणूस उतरतो. अक्षरावरून जसा लिहिणारा ओळखू येतो तसा नकाशावरून काढणारा. ज्या कारखान्यात चिप घडते तिथं नकाशात उघडी जागा राहिलेली चालत नाही. रिकाम्या कोपऱ्यात बिनकामाचा धातू भरावा लागतो. त्याला ते डमी म्हणतात. बाकीचे लोक एक बटण दाबून मोकळे होतात. वैजनाथ मात्र एक कोपरा हातानं भरायचा. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात, पाच पांडव. तसे पाच चौकोन. ना त्यांच्यातून वीज जायची, ना कुणाला त्यांचा उपयोग. त्याला ते तिथं असले की बरं वाटायचं, बस्स. हे गुपित जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे महामायाताईंना.

ताई त्याच्या जुन्या कंपनीत टीमच्या प्रमुख. त्याही मराठवाड्यातल्याच, नांदेडच्या, वडील पाटबंधारे खात्यात होते. हैदराबादच्या त्या काचेच्या इमारतीत सगळीकडे तेलुगू आणि इंग्रजी चालायची, पण या दोघांच्या टेबलांमध्ये 'काय करून राहिलास' आणि 'लई झालं' असायचं. त्यांनी त्याला काम शिकवलं म्हणणं अपुरं आहे; त्यांनी त्याला या कामाची चाड बाळगायला शिकवलं. उसनं घेतलेलं एक वळणसुद्धा त्यांना खपायचं नाही. पहिल्यांदा ते पाच चौकोन बघून त्या म्हणाल्या होत्या, "राहू दे. पण कुणाला सांगू नको." नोकरी सोडताना त्यानं खरं कारण सांगितलं: दर रविवारी बायकोचं तोंड बघायला यायचं आणि सोमवारी पहाटे पळायचं, याचा वीट आलाय, नवी कंपनी घरून काम करू देते. नवी कंपनी म्हणजे तेच काम करणारी, त्याच गिऱ्हाइकांसाठी झगडणारी. ताईंनी अडवलं नाही. लिफ्टपर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "डोक्यात हाय ते कोणी काढून घेऊ शकत न्हाई वैजू. पर हितलं तिथं काढू नको. मला शब्द दे." त्यानं शब्द दिला. हा शब्द त्याला पगारापेक्षा मोठा वाटला होता, आणि यात बढाई काही नव्हती. त्याला खरंच तसं वाटायचं.

आता तो शब्द मोडलेला समोर दिसत होता, आणि मोडल्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं. ही भीती विचित्र असते. केलेल्या गोष्टीची भीती माणूस पचवतो. न आठवणाऱ्या गोष्टीची भीती घरभर फिरत राहते. त्यानं फाईलची तारीख पाहिली. ती दसऱ्याच्या सुमाराची होती, म्हणजे तो राजीनामा देऊन हैदराबादला नोटिशीचे महिने काढत होता तेव्हाची. म्हणजे तो यायच्या आधीच तो इथं येऊन बसला होता. त्यानं नकाशा मोठा करून पाहिला. डावीकडच्या चौकोनांच्या जोड्या, त्यांच्यामधलं अंतर, तार खाली वळवताना घेतलेला तो थोडासा जास्तीचा वळसा, सगळं त्याचं. स्वतःचाच आवाज दुसऱ्याच्या घरातून यावा तसं झालं. तो उठला, बेसिनवर तोंड धुतलं आणि आरशात न बघता परत आला. आणि ओल्या हातानं खुर्ची ओढताना त्याला मुलाखत आठवली.

मुलाखतीच्या तिसऱ्या फेरीत त्यांनी त्याला स्क्रीनवर कोरी जागा दिली होती. प्रश्न साधा होता, समजा असा असा भाग हवा आहे, तुम्ही कसा मांडाल? घाई नाही, निवांत काढा. समोर तीन चेहरे होते आणि तिघं इतक्या कौतुकानं बघत होते की वैजनाथचा हात सुटला. या धंद्यातल्या माणसाला कोरी जागा दाखवणं म्हणजे गवयापुढं तंबोरा ठेवणं. आपण काय काढतोय याचा त्यानं विचार केला नाही. त्यानं फक्त चांगलं काढलं. जे महिनोन्महिने काढत आला होता तेच काढलं, कारण हाताला दुसरं येत नव्हतं. आणि शेवटी एक कोपरा मोकळा राहिला तेव्हा तो सवयीनं भरला. त्यानं एक कागद आणला नव्हता, एक फाईल पाठवली नव्हती. सगळं ताईंना शब्द द्यायच्या कितीतरी आधीच देऊन बसला होता.

दुपारी प्रीतमचा फोन आला. प्रीतम म्हणजे इथला साहेब, पुण्याचा, वयानं लहान, बोलायला लाघवी. "काय मग, ओळखीचं वाटलं का काही?" त्यानं हसत विचारलं.

"हे माझं आहे," वैजनाथ म्हणाला.

"अर्थात तुझं आहे! तूच तर काढून दाखवलंस. आमच्या पोरांनी फक्त पुरं केलं." आवाजात ना चोरी, ना संकोच. "प्रश्न आमचा होता, जागा आमची होती. मुलाखतीत दिलेलं उत्तर आमचं, असं त्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं. सगळेच करतात रे. बरं, मला एक सांग, ते कोपऱ्यातले पाच कशासाठी आहेत?"

वैजनाथनं उलट विचारलं, "का?"

"अरे, कुणालाच कळलं नाही. आम्ही एकदा वगळूनही पाहिले, काही फरक पडत नव्हता. पण टीम म्हणाली, नको, ज्यानं काढलेत त्यानं काहीतरी विचार केला असणार. भीती वाटते ना हात लावायला. म्हणून ठेवले तसेच."

ते पाच काय काम करतात हे त्यानं सांगितलं नाही. बघून सांगतो म्हणाला. काहीच काम करत नाहीत असं म्हटलं, तर ती नुसती त्याची खूण ठरत होती. चिप बाजारात आली की जुनी कंपनी ती विकत घेणार, एकेक थर खरवडून फोटो काढणार, या धंद्यात तसं सगळेच करतात. आणि फोटो ताईंच्या टेबलावर जाणार. ताई उजव्या कोपऱ्याकडे बघतील. एका नजरेत त्यांना कळेल, हे कुणी काढलंय.

संध्याकाळी बायको, राजकन्या, घरी आल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. ती अर्थशास्त्र शिकवते, तिला भावनेपेक्षा हिशोब लवकर दिसतो. "मग ते पाच काढून टाका," ती म्हणाली.

"काढीन. पण बाकीचं तर राहतंच ना."

"तुम्ही चोरलं का? न्हाई. तुम्हाला बोलतं केलं त्यांनी. आता ताईंना सांगून काय होणार? इकडली नोकरी जाईल, तिकडले कोर्टात खेचतील. आन् आपण पुन्हा रविवारची वाट बघत बसायची."

तिचं खरं होतं. तिला परत रविवारवर टाकणं त्याला सोसणार नव्हतं. पण ताईंना न सांगता जगणंही सोसेलसं दिसत नव्हतं. ताईंना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळलं पाहिजे, एवढं एक वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी येळवस होती, मुरुडला शेतात जायचं होतं, आणि येळवसेला ताईंचा फोन दरवर्षी यायचाच. तेव्हा सांगायचं, असं त्यानं ठरवलं. राजकन्या रागावली, मग रागावून दमली आणि तिळाच्या पोळ्या डब्यात भरायला लागली.

सकाळी दोघं गाडीनं निघाले. लातूरला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायला आलं होतं आणि शहरात माणूस नव्हता. लातूरच्या माणसाला याचं काही वाटत नाही. येळवसेला सगळं शहर उठून रानात जातं, संचारबंदी लागल्यासारखे रस्ते पडतात. वैजनाथनं लहानपणापासून हे पाहिलं होतं आणि त्याला यात मजाच वाटायची. या वेळी मात्र त्यानं गाडी हळू केली. गंजगोलाईच्या बाजारात सगळी शटर खाली होती. सिग्नल मात्र चालू होते. लाल व्हायचे, हिरवे व्हायचे, कुणासाठी ते कळत नव्हतं. कुठल्याशा बंद दुकानात टेलिफोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही, आणि तो हात चाकावर ठेवून हिरव्याची वाट बघत बसला. हे रस्ते कुणीतरी कुठूनतरी बघून जसेच्या तसे उतरवलेत, दुकानांच्या पाट्यांसकट, आणि माणसं घालायची राहून गेलीत, असं त्याला वाटलं. वीज होती, तारा होत्या, ज्याच्यासाठी होत्या तोच नव्हता. बाजूच्या गल्लीतून आता आपणच चालत येऊ, हातात दप्तर घेऊन, आणि गाडीकडे न बघता निघून जाऊ, असं त्याला इतकं स्पष्ट वाटलं की त्यानं गल्लीकडे बघायचं टाळलं. "चला की," राजकन्या म्हणाली. "हिरवा होऊन किती वेळ झाला."

शेतात मात्र जत्रा होती. धाकटा भाऊ लखन, त्याचे बैल, शेजारपाजारचे लोक, ज्वारीच्या ताटांवरून सरकणारा वारा. आई, अयोध्याबाई, कोपीपुढं बसून दगडांना चुना लावत होती. "वैजू, ह्ये मांड बाबा तुझ्या हातानं. दरसाल तूच मांडतूस." त्याचा हात पुढं झाला आणि मागं आला. "लखन मांडील," तो म्हणाला. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि दगड लखनकडे सरकवले. मोजणी खात्यात काहीतरी बिनसलं असेल, असं तिला वाटलं असावं. पूजा झाली. लखन आंबिलीचा तांब्या घेऊन पिकाभोवती शिंपडत निघाला आणि मोठ्यानं ओरडायला लागला, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" याचा अर्थ शेतातल्या एकालाही सांगता आला नसता. आजोबा ओरडायचे, म्हणून बाप ओरडायचा, म्हणून लखन. कुणी वगळायला धजत नाही. वैजनाथला प्रीतमची टीम आठवली आणि त्याला हसू आलं नाही. सगळ्या शेंगाभाज्या मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, वर ज्वारीची आंबील. तो जेवला, पण कोण जेवतंय याकडे लांबून बघितल्यासारखा.

जेवणं झाल्यावर मोबाईल वाजला. प्रीतमचा निरोप होता: आता तुला संपूर्ण चिप दिसेल, सगळे भाग मिळून, जमलं तर बघून ठेव. वैजनाथ गाडीतला लॅपटॉप घेऊन बोरीच्या झाडाखाली जाऊन बसला आणि तो उघडला. सुटीच्या दिवशी बघायची काही गरज नव्हती. पण आपल्या घराशेजारी कोण राहायला आलंय हे बघितल्याशिवाय कुणाला राहवतं? आपला भाग त्यानं चटकन सोडला आणि खालच्या बाजूला सरकला. तिथं तारांमध्ये ऐसपैस जागा सोडलेली होती, पाय पसरून बसलेल्या माणसासारखी. असं मांडणारा त्याला माहीत होता. रेवणप्पा. जुन्या कंपनीत त्याच्या समोर बसायचा, देगलूरकडचा, जागा वाया घालवतो म्हणून रोज बोलणी खायचा आणि रोज तशीच सोडायचा. रेवणप्पा होळीच्या सुमारास गेला होता, झोपेतच. अंत्यविधीला वैजनाथनं खांदा दिला होता. आणि इथं तो निवांत पाय पसरून बसला होता, आणि त्याच्या तारांमधून नव्या कंपनीची वीज वाहणार होती. मरायच्या आधी तोही त्या तीन चेहऱ्यांपुढं बसला होता, कुणाला न सांगता. वैजनाथ भराभर सरकत गेला. हा कुणाचा, तो कुणाचा. जुन्या टीममधली अर्धी माणसं इथं होती. त्याच्याखेरीज कुणीही नोकरी सोडली नव्हती. प्रत्येकजण एकदाच येऊन, चांगलं काढून, घरी गेला होता.

डावीकडच्या मोठ्या भागाशी तो थांबला. तिथल्या तुकड्यांचे क्रमांक उजवीकडून सुरू होऊन डावीकडे गेले होते. साऱ्या कचेरीत असं एकच माणूस करायचं, कारण ते डावखुरं होतं. प्रत्येक तारेला सोबत म्हणून शेजारी दुसरी तार होती. एकटी ठेवू नये, असं ते माणूस प्रत्येक नवशिक्याला सांगायचं. एखाद्या शिष्यानं केलं असेल, असं त्यानं मनाला समजावून पाहिलं. पण कोपऱ्यात तार वळवण्याआधी घेतलेला तो छोटासा थांबा कुणाला शिकून येण्यासारखा नव्हता. ते फार सुंदर काढलेलं होतं. त्याच्यापेक्षा, रेवणप्पापेक्षा, सगळ्यांपेक्षा सुंदर. कोरी जागा बघून ताईंचाही हात सुटला होता. आणि ते काढलेलं नव्या कंपनीनं ठेवून घेतलं होतं, ताईंना मात्र नोकरीवर बोलावलं नव्हतं. त्या रोज नऊला त्याच टेबलावर येऊन बसत राहिल्या होत्या, नव्या कंपनीच्या पत्राची वाट बघत, आणि त्यांना लिफ्टपाशी वैजनाथकडून शब्द घ्यावासा वाटला होता. त्याला ताईंचा राग यायला हवा होता. राग आला नाही. त्यांना असं उघड्यावर बघितल्याची लाज वाटली, आईला कुणापुढं हात जोडताना बघितल्यासारखी.

तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"काय वैजू, भज्जी झाली का?"

"हाव ताई. आत्ताच उठलो पानावरून."

"आन् माझ्या वाटची?"

"यंदा कशी पोचवू? तुम्ही तिकडं, मी हितं."

"ते बी खरंच हाय." त्या हसल्या. लखन लांबून कुणालातरी हाका मारत होता. वैजनाथच्या ओठांवर कालपासून तयार केलेलं वाक्य होतं. "ताई, एक सांगायचं होतं," त्यानं सुरुवात केली.

"थांब," ताई म्हणाल्या. "आधी मला सांग. तिथं काम बघितलं असशील ना आता तू. काही... आपलं, ओळखीचं काही दिसलं का रे तुला?"

इतक्या वर्षांत ताईंचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. त्या सांगायच्या, विचारायच्या नाहीत. हा आवाज दाराच्या फटीतून यावा तसा होता. त्याला कळलं की ताई कितीतरी महिने हाच प्रश्न घेऊन बसल्या आहेत, आणि आज भज्जीचं निमित्त करून त्यांनी तो बाहेर काढलाय. आपलं वाक्य आता बोललं तर ते आपल्याबद्दल राहणार नाही, हेही कळलं. मी चुकलो म्हणायचं म्हणजे तुम्हीही चुकलात म्हणायचं. समोर स्क्रीनवर तारा जोडीजोडीनं चालल्या होत्या.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "सगळं नवंच हाय हितं. ओळखीचं काहीच न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला, मोठा, ओझं खाली ठेवल्याचा. "बरं झालं," ताई म्हणाल्या आणि लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "तू काय सांगत होतास?"

"काही न्हाई. भज्जी लई तिखट झाली यंदा, येवढंच."

त्यावर ताई इतक्या हसल्या की त्यात हसण्याजोगं काही नव्हतं हे दोघांनाही कळलं असावं. मग फोन बंद झाला. वैजनाथ मोबाईल हातात धरून बसून राहिला. ज्याच्यापुढं खरं बोलावं असं एकच माणूस त्याच्यापाशी होतं, आणि त्या माणसाला खोटं हवं होतं. त्यानं दिलं, आणि देताना त्याला जराही अडखळायला झालं नाही. त्यानं दिलेल्या शब्दाचं काय झालं, हे ताईंनी विचारलंच नव्हतं. आता त्या ते कधी विचारणारही नव्हत्या.